शाळा-कॉलेजातल्या नोंदी: आपल्या मागायच्या कशा, दुसऱ्यांपासून जपायच्या कशा

टाकबोरू
दाखला अडवला, उत्तरपत्रिका बघायची आहे, आजोबांच्या शाळेचा उतारा हवाय, वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांचे आधार क्रमांक फिरतायत... हे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरले आहेत, म्हणून एकच धागा काढतो. महाराष्ट्रापुरतं बोलू, केंद्रीय मंडळांचा उल्लेख लागेल तिथे येईलच.

विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी आपल्याकडे एकच एक कायदा नाही. माहिती अधिकार कायदा २००५, शिक्षण हक्क कायदा २००९, यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम, माध्यमिक शाळा संहिता, आणि आता वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ असे तुकडे जोडावे लागतात. त्यामुळे अर्ज लिहायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवा: नोंद कुणाची आहे? स्वतःची, अठरा वर्षांखालच्या पाल्याची, की तिसऱ्याच कुणाची? निम्मे अर्ज इथेच फसतात, कारण अर्जात हे कुठे लिहिलेलंच नसतं. मग माहिती अधिकारी 'त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती' असं एका ओळीत लिहून मोकळा होतो.

स्वतःची नोंद मागताना पहिल्याच वाक्यात लिहा: 'मागितलेली माहिती माझी स्वतःची आहे, ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत जोडली आहे.' पाल्याची असेल तर नातं दाखवणारा कागद जोडा, जन्मदाखला किंवा रेशनकार्ड चालतं. आधारची प्रत द्यावीच लागली तर मास्क केलेली द्या, म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसतात.

उत्तरपत्रिकेचं बोलायचं तर सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय (सर्वोच्च न्यायालय, ९ ऑगस्ट २०११) हा निकाल अर्जात नावानिशी लिहा. तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते, तिची साक्षांकित प्रतही मिळते, हे त्यात स्वच्छ सांगितलं आहे. 'ही विश्वासाने सोपवलेली माहिती आहे' अशी विश्वासाश्रित नात्याची सबब, म्हणजे कलम ८(१)(ई), परीक्षार्थीला त्याच्याच उत्तरपत्रिकेसाठी दाखवता येत नाही. परीक्षकाचं नाव, सही आणि ओळख पटेल असा मजकूर मात्र झाकून देतात. ते बरोबरच आहे, त्यावर अपील करत बसू नका.

कोरा_कागद
चांगला धागा. पण दहावी-बारावीवाल्यांनो, निकाल लागल्या लागल्या माहिती अधिकाराकडे धावू नका. राज्य मंडळाचा स्वतःचा मार्ग आहे: गुणपडताळणी विषयामागे ५० रुपये, छायाप्रत ४०० रुपये, पुनर्मूल्यांकन ३०० रुपये. अर्ज ऑनलाइन, मुदत निकालाच्या प्रकटनात दिलेली असते. पुनर्मूल्यांकनासाठी आधी मंडळाकडून छायाप्रत घेणं सक्तीचं आहे आणि ती हातात पडल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करावा लागतो. माहिती अधिकारात उत्तर यायलाच तीस दिवस. तोवर ती खिडकी बंद झालेली असते. ४०० वाचवायला जाऊन पुनर्मूल्यांकन हातचं घालवण्यात अर्थ नाही.

छायाप्रत आली की क्रमाने तीन गोष्टी बघा. पहिलं, मुखपृष्ठावरची बेरीज आतल्या गुणांशी जुळते का. दुसरं, एखाद्या उत्तराला गुणच दिले नाहीत असं झालंय का. पुरवणीतली उत्तरं बऱ्याचदा अशी सुटतात. तिसरं, पुरवण्यांची संख्या मुखपृष्ठावर लिहिल्याप्रमाणे आहे का. या तिन्हींत चूक निघाली तर प्रकरण सरळ आहे. 'या उत्तराला चारऐवजी पाच हवे होते' हा वाद पुनर्मूल्यांकनातला. बंदोपाध्याय निकालाने पाहायचा हक्क दिलाय, फेरतपासणीचा नवा हक्क दिलेला नाही.

टाकबोरू
मंडळाबाबत सहमत. विद्यापीठं, संस्था आणि व्यावसायिक परीक्षांना मात्र उलटा हिशोब लागू पडतो. तिथे 'आमच्या नियमाप्रमाणे प्रत घ्या, शुल्क अमुक' असं सांगून माहिती अधिकाराचा अर्ज परत पाठवतात. हे चालत नाही. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेविरुद्धच्या पारस जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की परीक्षार्थी संस्थेच्या नियमाने जाऊ शकतो किंवा माहिती अधिकाराने, आणि माहिती अधिकाराने गेला तर शुल्कही माहिती अधिकाराचंच. आपल्याकडे अर्जाला १० रुपये आणि पानाला २ रुपये.

अपवाद आहे तो लक्षात ठेवा: स्पर्धा परीक्षा. यूपीएससी विरुद्ध अंगेश कुमार (२०१८) मध्ये नागरी सेवा परीक्षेचे मूळ गुण आणि उत्तरपत्रिका सरसकट द्यायला न्यायालयाने नकार दिला. त्या परीक्षांना बंदोपाध्याय जसाच्या तसा लावू नका.

शेवंती_०७
मुलाची शाळा विनाअनुदानित आहे. 'आम्हाला माहिती अधिकार लागू नाही' असं लेखी उत्तर दिलंय. मग संपलं का?

अर्जविनंती
@शेवंती, संपलं नाही, पत्ता बदला. कायद्याच्या कलम २(एफ) मध्ये 'माहिती'च्या व्याख्येतच असं आहे की खाजगी संस्थेची जी माहिती सरकारी प्राधिकरण दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली मिळवू शकतं, तीही माहितीच. शाळेवर देखरेख कुणाची? प्राथमिक असेल तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक), माध्यमिक असेल तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मुंबईत माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक. अर्ज त्यांच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा: 'आपण अमुक शाळेकडून प्राप्त करू शकता अशी पुढील माहिती...' असा.

शाळा अनुदानित असेल तर थेट शाळेकडेच अर्ज. सरकारी पैशावर भरीव प्रमाणात चालणारी शिक्षणसंस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरते, हे डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या २०१९ च्या निकालात आहे.

अर्जाच्या तांत्रिक चुका, ज्यांमुळे महिने जातात:

राज्य सरकारच्या नियमांप्रमाणे अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. केंद्रीय कार्यालयांसाठीची पोस्टल ऑर्डर इथे जोडू नका. राज्याच्या २०१२ च्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत. उत्तरपत्रिका, हजेरीपट आणि फीच्या पावत्या एकाच अर्जात मागितल्या की अर्ज अडकलाच म्हणून समजा.

'का नापास केलं?', 'कुणाच्या सांगण्यावरून?' असे प्रश्न विचारू नका. कागद मागा. 'माझ्या मुलाचे वर्ष २०२४-२५ चे, इयत्ता सातवीचे, दोन्ही सत्रांचे संकलित मूल्यमापन नोंदतक्ते, साक्षांकित प्रत' असं. कागदाचं नाव जितकं नेमकं, तितकी पळवाट कमी.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). हे लिहून मागितल्याशिवाय कुणी देत नाही. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, नव्वद दिवसांच्या आत. तिथे रांग मोठी आहे, त्यामुळे खरी लढाई प्रथम अपिलातच जिंकायची असते.

कोरा_कागद
भर: उत्तरपत्रिका जपून ठेवण्याची मुदत संपली की त्या नष्ट होतात, आणि नष्ट झालेला कागद कुठलंच अपील परत आणत नाही. म्हणून अर्जातच एक वाक्य टाका: 'या अर्जाचा निर्णय होईपर्यंत सदर उत्तरपत्रिका नष्ट करू नये.' मागितलेली माहिती नष्ट केली तर कलम २० खाली माहिती अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. उशिराबद्दल दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. नुसत्या या वाक्याने फाईल वर येते.

रानजाई
दाखल्याबद्दल कुणीतरी लिहा. फी बाकी म्हणून शाळा सोडल्याचा दाखला अडवणं हा दर जूनमधला राष्ट्रीय सण आहे.

अर्जविनंती
आठवीपर्यंत चित्र स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५(३): मूल शाळा बदलत असेल तर जुन्या शाळेच्या प्रमुखाने दाखला ताबडतोब द्यायचा. त्याहून महत्त्वाचा त्यातला परंतुक: दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही किंवा लांबवायचाही नाही. उशीर करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. त्यामुळे जुन्या शाळेशी भांडत वर्ष वाया घालवू नका. आधी नव्या शाळेत वयाच्या पुराव्यावर प्रवेश घ्या, मग दाखल्याच्या मागे लागा. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही, कलम १४(२).

अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून शिक्षणाधिकाऱ्यांकडे. बऱ्याच वेळा कागदी दाखला मिळतो पण विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर जुनी शाळा विद्यार्थ्याला सोडतच नाही, आणि नव्या शाळेला त्याची नोंद करता येत नाही. तक्रारीत या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा, नाहीतर 'दाखला दिला आहे' म्हणून फाईल बंद होते.

नववी-दहावीला हे कलम पोचत नाही. तिथे शिक्षणाधिकारी (माध्यमिक) हाच रस्ता.

टाकबोरू
कॉलेजांसाठी यूजीसीची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजने ठेवून घ्यायचीच नाहीत. विद्यार्थ्यासमोर पडताळायची, परत द्यायची आणि स्वसाक्षांकित प्रती ठेवायच्या. प्रवेश रद्द केल्यावरचा फी परतावाही त्यातच आहे: प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केला तर पूर्ण फी (प्रक्रिया शुल्क ५ टक्क्यांपर्यंत, कमाल ५,००० वजा करून), त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, सोळाव्यापासून तिसाव्या दिवसापर्यंत ५०, पुढे शून्य.

कॉलेज ऐकत नसेल तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती (यूजीसीचे २०२३ चे नियम). प्रमाणपत्रं अडवणं ही त्यात तक्रार म्हणून नमूद आहे. समितीला कामकाजाचे १५ दिवस, नंतर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: प्रवेशाच्या गडबडीत मूळ कागद दिलेच असतील तर कुठले कागद दिले याची यादी करून तिच्यावर सही-शिक्का घ्या. यादी नसेल तर 'आमच्याकडे दिलेच नाहीत' या उत्तरापुढे काही चालत नाही.

चौकटबाहेर
इथे सगळे माहिती अधिकाराचे गोडवे गातायत, पण नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(जे), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम, बदललंय हे कुणी का लिहीत नाही? आता 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की विषय संपला.

टाकबोरू
बदललंय हे खरं. आधी सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा खाजगीपणावर अकारण आक्रमण होतं, हे अधिकाऱ्याला दाखवावं लागे. विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा परंतुकही होता. डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने दोन्ही गेले. पण 'विषय संपला' हे खरं नाही. कलम ८(२) शिल्लक आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. मात्र जनहित आता अर्जदारालाच मांडून दाखवावं लागणार.

आणि स्वतःची माहिती स्वतःला देण्यात कुणाच्या खाजगीपणाचा भंग होतो? ही सबब स्वतःच्या उत्तरपत्रिकेला लावली तर प्रथम अपिलात हाच प्रश्न लिहा.

चौकटबाहेर
स्वतःचं सोडा. शेजारच्या उमेदवाराला जास्त गुण कसे पडले, हे बघायचं असेल तर?

अर्जविनंती
आता अवघड आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पदवी आणि गुण ही वैयक्तिक माहितीच आहे असं धरलं, तेही दुरुस्ती लागू व्हायच्या आधी. दुसऱ्याची गुणपत्रिका मागण्यापेक्षा प्रक्रियेचे कागद मागा: निवडीचे निकष, गुणदान पद्धत, प्रवर्गनिहाय कट-ऑफ, जागांचा तक्ता, प्रसिद्ध झालेली गुणवत्ता यादी. घोळ असेल तर यातून दिसतो, आणि यातलं काहीच कुणाचं खाजगी नाही.

रानजाई
आता उलट बाजू. मागणाऱ्यांइतकेच प्रश्न उघडं पाडणाऱ्यांचे आहेत. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मास्तर एक्सेल टाकतात: नाव, जात, आधार, बँक खातं, मोबाईल. 'आपापली ओळ तपासा.' झालं, चाळीस घरांत चाळीस मुलांची कुंडली पोचली.

नोंदवही
यात बहुतेक वेळा हेतू वाईट नसतो, घाई असते. वरून 'आजच्या आज' असा निरोप येतो आणि शिक्षक सगळ्यात जवळचं साधन वापरतात. शिक्षकांसाठी व्यवहारात चालणाऱ्या गोष्टी लिहितो.

ऑनलाइन तक्ता शेअर करताना 'लिंक असलेला कुणीही' हा पर्याय निवडू नका. ती लिंक पुढे कुठे जाते यावर ताबा राहत नाही. माहिती गोळा करायची तर तक्ता नको, फॉर्म वापरा, म्हणजे भरणाऱ्याला फक्त स्वतःचं दिसतं. फॉर्मच्या सेटिंगमध्ये 'उत्तरांचा सारांश दाखवा' बंद आहे ना, तेही बघा. ते चालू राहिलं तर केलेलं सगळं फुकट.

आधार क्रमांक जाहीर करणं किंवा लावणं आधार कायद्याच्या कलम २९(४) खाली मनाई आहे. फलकावर लावायच्या याद्यांत तो स्तंभच नको. शिष्यवृत्तीच्या यादीत प्रवर्गापुढे नावं लावण्यापेक्षा हजेरी क्रमांक पुरतो.

पालकांसाठी: मंडळाचा निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव एवढंच लागतं. हॉलतिकिटावर दोन्ही असतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉलतिकिटाचा फोटो स्टेटसला लावलात तर निकाल तुमच्याआधी सोसायटी बघेल.

शेवंती_०७
शाळा 'अपार'च्या संमतीपत्रावर सही मागतेय. नाही म्हटलं तर चालतं का?

नोंदवही
चालतं. अपार हा विद्यार्थ्याचा बारा अंकी क्रमांक, आधारवर बेतलेला आणि पालकांच्या संमतीवर चालणारा. संमती म्हटली की नकारही आला, आणि दिलेली संमती मागे घेता येते. नकार द्यायचा तर फॉर्म कोरा ठेवू नका. 'संमती देत नाही' असं लिहून तारीख-सही करा आणि पोच घ्या. कोरा फॉर्म 'प्रलंबित' धरला जातो आणि शाळा रोज मागे लागते. आधारबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशाला सक्ती नाही हे सांगितलेलंच आहे.

संमती देणार असाल तर आधी नाव, जन्मतारीख आणि लिंग हे जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेशनोंदवही), यूडायस (शाळा-विद्यार्थ्यांच्या नोंदींची सरकारी ऑनलाइन प्रणाली) आणि आधार या तिन्हींत सारखं आहे का बघा. अपार अडकतो तो बहुतांश इथेच. जनरल रजिस्टर बरोबर असेल तर आधार दुरुस्त करा. रजिस्टरच चुकलं असेल तर आधी ते. उलट क्रमाने गेलात तर दोनदा फेऱ्या.

नव्या डेटा कायद्याचं म्हणाल तर अठराखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागणार, आपला डेटा पाहण्याचा आणि दुरुस्तीचा हक्क मिळणार. पण ही कलमं नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतात. शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी लक्ष ठेवायला शाळांना सूट आहे, त्यामुळे बसचा जीपीएस बेकायदा ठरेल असं समजू नका.

कोरा_कागद
रजिस्टर दुरुस्तीवरून: माध्यमिक शाळा संहितेचे नियम २६.३ आणि २६.४. मूल शाळेत असताना पुराव्यांसह मुख्याध्यापकांकडे अर्ज, मंजुरी शिक्षणाधिकाऱ्यांची. शाळा सोडल्यावर 'आता काहीच होत नाही' असं सांगतात. ते अर्धसत्य आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जनाबाई ठाकूर प्रकरणात (२०१९, औरंगाबाद) सांगितलं की उघड दिसणारी चूक शाळा सोडल्यानंतरही दुरुस्त करता येते. लेखनातली चूक, जन्मदाखल्याशी न जुळणारी नोंद, गाळलेली जात अशा बाबतीत पहिल्या प्रवेशावेळचा फॉर्म सापडला तर काम सोपं होतं. म्हणून आधी त्याची प्रत मागा, दुरुस्तीचा अर्ज नंतर.

पाटीपेन्सिल
मुलगी एकोणीस वर्षांची, इंजिनीअरिंगला. कॉलेज तिचे गुण आणि हजेरी मला दाखवत नाही. फी मी भरतोय.

अर्जविनंती
फी भरल्याने नोंद तुमची होत नाही. अठरा पूर्ण झाली की ती सज्ञान, आणि माहिती अधिकारात तुम्ही त्रयस्थ. माहिती अधिकारी कलम ११ खाली तिला नोटीस काढून म्हणणं विचारेल. बरीच कॉलेजं प्रवेशावेळी पालकांना प्रगती कळवण्याची संमती घेतात, तो फॉर्म आहे का बघा. नसेल तर मुलीचं दोन ओळींचं संमतीपत्र. ती देत नसेल तर विषय कॉलेजचा नाही, घरातला आहे.

विभक्त आई-वडिलांबद्दलही लिहून ठेवतो, कारण ते व्यक्तिगत निरोपातून विचारलं जातं. मूल अल्पवयीन असेल आणि कोर्टाचा मनाई करणारा आदेश नसेल तर एका पालकाच्या तोंडी सांगण्यावरून शाळेने दुसऱ्याला प्रगतिपुस्तक नाकारू नये. आदेश असेल तर त्याची प्रत शाळेत द्या. पत्ता आणि मोबाईल क्रमांक मात्र दुसऱ्या पालकाला द्यायच्या प्रतीत झाकायला सांगता येतात.

रानजाई
जात पडताळणीसाठी आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा (शाळेत दाखल झाल्याच्या आणि सोडल्याच्या नोंदीचा) हवा आहे. शाळा म्हणते रजिस्टर जीर्ण झालंय.

नोंदवही
आधी कुठल्या सालापूर्वीचा पुरावा लागतो ते बघा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्यानुसार आजोबा हवेत की पणजोबा, चुलत आजोबा चालतील का, हे ठरतं. वंशावळ जोडायचीच, म्हणजे त्रयस्थाची माहिती म्हणून अडवणार नाहीत.

अर्जात आजोबांचं पूर्ण नाव, त्या काळी लावत असलेलं आडनाव, गाव आणि अंदाजे पाच वर्षांचा पट्टा द्या. जुन्या रजिस्टरांत आडनावाऐवजी नुसतं नाव आणि बापाचं नाव असतं, आणि शोधणारा आडनावावर बोट फिरवून 'नाही' म्हणतो. म्हणून उताऱ्याऐवजी आधी रजिस्टरच्या निरीक्षणाची मागणी करा. निरीक्षण माहिती अधिकारात बसतं, पहिला तास फुकट. पान फाटकं असेल तर त्याची आहे तशी साक्षांकित छायाप्रत घ्या. नव्याने लिहून दिलेल्या उताऱ्यापेक्षा समिती मूळ पानाकडेच बघते. मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून दोन्ही एकत्र लावा.

रजिस्टर खरंच सापडत नसेल तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी घ्या, आणि त्यात कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतची रजिस्टरं तपासली हेही लिहून मागा. मग जुनी शाळा बंद पडली किंवा दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळली का, ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. रजिस्टरं बऱ्याचदा त्या दुसऱ्या शाळेच्या कपाटात निघतात.

रानजाई
निरीक्षणाचं डोक्यातच आलं नव्हतं. मोबाईलने फोटो काढू देतात का?

नोंदवही
अर्जात 'निरीक्षण करून निवडलेल्या पानांची साक्षांकित प्रत' असं लिहा. फोटोवरून वाद घालू नका, समितीपुढे फोटो चालत नाही. पान क्रमांक आणि रजिस्टर क्रमांक वहीत टिपून तिथल्या तिथे लेखी द्या, म्हणजे प्रत देताना पान बदलत नाही.